अंधेरीत उचललेला पूल

थेम्स नदीवरचा टॉवर ब्रिज मोठं जहाज आलं की उघडतो. रामेश्वरमच्या नव्या पांबन पुलाचा ७२ मीटरचा गाळा बोटींसाठी सरळ वर जातो. आपल्या अंधेरीतही एक पूल उचललाय, पण शेजारच्या पुलासाठी!

धोकादायक ठरलेला गोखले पूल नोव्हेंबर २०२२मध्ये बंद झाला. खालून रेल्वे जाते, त्यामुळे तिच्या नियमांप्रमाणे नवा पूल जास्त उंच बांधावा लागला. फेब्रुवारी २०२४मध्ये एक बाजू सुरू झाली, तर त्याला जोडणारा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली! (मीम्स आठवतायत ना?)

मग व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने हायड्रॉलिक जॅक लावले आणि बर्फीवालाचा भाग एका टोकाला १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ६५० मिलिमीटर उचलला. न पाडता! इंजिनीअरिंगवाल्यांनी मुद्दाम जाऊन बघावं असं काम आहे. पण हे दोन पूल जुळणार कसे, हे आधी कागदावरच सुटायला नको होतं का?

जुलै २०२४मध्ये जोडणी खुली झाली, अख्खा गोखले पूल मे २०२५मध्ये. तोवर पूर्वेहून पश्चिमेच्या कॉलेजांत जाणाऱ्यांची पहिली लेक्चर्स किती बुडाली, ते विचारूच नका.