वेब ॲपचे विजेट आणि त्यातली अडगळ

वेब ॲप म्हणजे ब्राउझरच्या आधाराने चालणारा प्रोग्रॅम. त्याचा मजकूर एचटीएमएलमध्ये असतो, रंगरूप सीएसएसमध्ये आणि प्रत्यक्ष काम जावास्क्रिप्टमध्ये. एरवी या फायली सर्व्हरवर राहतात आणि पान उघडले की इंटरनेटवरून फोनमध्ये येतात. त्याच फायली एका झिप फायलीत बांधून, सोबत माहितीची एक फाइल जोडून, वापरणाऱ्याच्या यंत्रावर बसवल्या की त्या पॅकेजला विजेट म्हणतात. फोनच्या पडद्यावर हवामान किंवा घड्याळ दाखवणाऱ्या चौकोनालाही आज हेच नाव आहे. इथे विचार करायचा आहे तो बांधून दिलेल्या ॲपचा.

या पद्धतीची सुरुवात संगणकावर झाली. ॲपलने २००५ साली डॅशबोर्ड आणला, ऑपेरा ब्राउझरने २००६ साली नवव्या आवृत्तीत विजेट दिले, पुढे नोकियाच्या फोनवरही ती आली. प्रत्येकाची बांधणी वेगळी असल्याने एकासाठी केलेले विजेट दुसऱ्याकडे चालत नसे. हा गोंधळ मिटवण्यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये विजेट कसे बांधावे याचे मानक प्रसिद्ध केले. २०१८ साली संस्थेने ते कालबाह्य ठरवले, कारण तोवर वेबचा प्रवाह दुसरीकडे वळला होता. तरी त्यातली बांधणी टिकून आहे. सॅमसंगच्या टायझेन टीव्हीवरची वेब ॲप आजही याच धर्तीच्या पॅकेजमध्ये येतात. वेबच्या फायलींपासून अँड्रॉइड ॲप करून देणाऱ्या कॉर्डोव्हा या साधनातही त्याच मानकातून आलेली माहितीची फाइल वापरतात.

महाराष्ट्रात असे झिपमध्ये बांधलेले वेब ॲप लाखो हातांत पोचले ते जिओफोनमुळे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत हा फोन जाहीर झाला. १,५०० रुपये परतफेडीची अनामत, २.४ इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट रॅम आणि खाली बटणे असे त्याचे रूप होते. त्यात कायओएस ही प्रणाली होती आणि ती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली. तिच्यावरची ॲप वेबच्याच भाषांत लिहिलेली असत. यंत्रावर बसणारे ॲप झिपमध्ये बांधलेले असे आणि त्याची ओळख सांगणारी मॅनिफेस्ट नावाची फाइल त्यात असे. डब्ल्यूथ्रीसीच्या विजेटशी ही बांधणी तंतोतंत जुळत नाही, पण कल्पना तीच. फायरफॉक्स ओएस त्याआधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, भारतात १,९९९ रुपयांच्या इंटेक्स क्लाउड एफएक्सवर आली होती. त्या फोनची रॅम होती फक्त १२८ मेगाबाइट. अशा फोनवर एकेक मेगाबाइट मोजून वापरावा लागतो आणि ॲपमध्ये राहून गेलेली अडगळ तिथे लगेच जाणवते.

अडगळीचा खर्च गणिताने दिसतो. एका मेगाबाइटमध्ये आठ मेगाबिट. सेकंदाला २५६ किलोबिट वेगाने एक मेगाबाइट उतरायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि दहा मेगाबाइटचे पॅकेज पाच मिनिटे खाते. शहरात हा वेग कुणी मोजायलाही बसत नाही. घाटात, किंवा पावसाळ्यात वीज गेल्यावर टॉवरची रेंज मधूनच येत-जात असेल तर पाच मिनिटे सलग जोडणी टिकणे हीच मोठी गोष्ट असते. उतरणे अर्ध्यावर तुटले की बरेचदा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याचे उदाहरण घेऊन पाहता येईल. कणकवली तालुक्यातले हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर आहे. उत्तरेला खारेपाटण, दक्षिणेला कणकवली, पश्चिमेला विजयदुर्गचा रस्ता आणि पूर्वेला वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा करत कोल्हापूर. अशा नाक्यावर एसटीच्या वेळा सांगणारे छोटे ॲप कुणी करायला घेतले, तर ते विजेटसाठी अगदी योग्य काम आहे. वेळापत्रक रोज बदलत नाही, ते फोनमध्येच राहिलेले बरे. घाट बंद आहे का, एवढी एकच गोष्ट इंटरनेटवरून विचारावी लागेल.

या विजेटला खरोखर काय लागते? सुरुवातीचे पान, म्हणजे इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल. एक सीएसएस, एक जावास्क्रिप्ट, वेळापत्रकाची एक फाइल, एक चिन्ह. आणि कॉन्फिग नावाची एक्सएमएल फाइल. तिच्यात ॲपचे नाव, आवृत्ती, कर्त्याचे नाव, चिन्ह कोणते, पहिले पान कोणते आणि ॲपला कोणत्या परवानग्या हव्यात हे लिहितात. ही फाइल झिपच्या मुळाशीच असायला हवी. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. फोल्डरमधल्या फायली निवडून झिप करण्याऐवजी अख्खे फोल्डरच झिप केले जाते, मग सगळे एक पायरी आत जाते. यंत्र मुळाशी कॉन्फिग शोधते, ती सापडत नाही आणि पॅकेज अवैध ठरते. आतली एकही ओळ चुकलेली नसते, म्हणून कारण शोधताना माणूस हैराण होतो.

भाषांची सोय या मानकात सुरेख आहे. लोकेल्स नावाच्या फोल्डरात भाषेच्या संकेताचे उपफोल्डर करायचे. मराठीचा संकेत एमआर, कोकणीचा केओके. फोनची भाषा मराठी असेल तर यंत्र आधी मराठीच्या फोल्डरात फाइल शोधते आणि तिथे ती नसेल तर मुळाशी असलेली वापरते. म्हणून मजकुराच्या फायली तेवढ्या भाषेच्या फोल्डरात ठेवायच्या. चित्रे, चिन्हे आणि प्रोग्रॅम मुळाशी एकदाच. अनेकजण अख्खे ॲपच प्रत्येक भाषेच्या फोल्डरात उतरवतात आणि तीन भाषांचे ॲप तिप्पट होते.

आता अडगळीकडे. काम करताना फोल्डरात जे साठते त्यातले पुष्कळसे कर्त्याच्या सोयीचे असते, वापरणाऱ्याच्या नव्हे. मॅक संगणक फोल्डरांत डीएस-स्टोअर नावाची लपलेली फाइल टाकतो, जुन्या विंडोजने थंब्स-डीबी टाकलेली असते, संपादक प्रोग्रॅमने मागच्या प्रतींची भर घातलेली असते. या फायली लहान असतात. नोड-मॉड्यूल्स हे फोल्डर मात्र लहान नसते. दुसऱ्यांनी लिहिलेली जी साधने प्रोग्रॅम बांधताना लागतात ती सगळी, त्यांच्या चाचण्या आणि उदाहरणांसकट, तिथे येऊन बसतात. हजारो फायलींचे हे फोल्डर साध्या ॲपमध्येही शेकडो मेगाबाइटवर जाऊ शकते. विजेटला त्यातले बांधून तयार झालेले थोडेच लागते आणि तेही एकत्र करून एका फायलीत येते.

दोन गोष्टी मात्र जागेपेक्षा सुरक्षिततेसाठी काढायच्या असतात. पहिली, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाचे लपलेले फोल्डर. त्यात प्रोग्रॅमचा आजवरचा सगळा इतिहास असतो; कधीकाळी चुकून लिहिलेला आणि नंतर पुसलेला पासवर्डही त्यात शाबूत राहतो. दुसरी, एन्व्ह नावाची फाइल, जिच्यात सर्व्हरच्या चाव्या लिहिलेल्या असतात. विजेट म्हणजे शेवटी झिप. ते कुणीही फोनमधून काढून उघडू शकतो. आपल्या हातून बाहेर गेलेली चावी बदलण्याखेरीज मग इलाज उरत नाही. सोर्स मॅपही याच जातीचे. आवळलेल्या जावास्क्रिप्टमधली चूक मूळ प्रोग्रॅममध्ये कुठल्या ओळीवर आहे हे दाखवण्यासाठी ते असतात, आणि बरेचदा मूळ प्रोग्रॅमच त्यात जसाच्या तसा असतो. ते कर्त्याने स्वतःपाशी ठेवावेत.

झिपने सगळे आपोआप लहान होईल अशी समजूत आहे. मजकूर आणि प्रोग्रॅम झिपमध्ये चांगले आवळले जातात. जेपेग आणि पीएनजी चित्रे आधीच आवळलेली असतात. त्यांत झिप फारसे काही कमी करू शकत नाही. तळेरे स्थानकाचा मोबाइलवर काढलेला ४,००० बाय ३,००० चा फोटो १ कोटी २० लाख बिंदूंचा असतो. जिओफोनचा पडदा २४० बाय ३२०, म्हणजे ७६,८०० बिंदूंचा. दीडशे पटीहून अधिक बिंदू नुसतेच वाहून न्यायचे आणि फोनने ते फेकून द्यायचे, यात काही अर्थ नाही. फोटो पडद्याच्या मापाला आणणे हे एकच काम पुष्कळदा बाकीच्या सगळ्या छाटणीपेक्षा जास्त जागा वाचवते.

फाँटची छाटणी हा मराठी ॲपचा खरा नाजूक भाग आहे. देवनागरीच्या फाँटमध्ये मुळाक्षरांखेरीज जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे एका वजनाची, म्हणजे अक्षरांच्या एका जाडीची, फाइलही शे-दोनशे किलोबाइटपर्यंत जाते. ती कमी करण्यासाठी लागतील तेवढीच अक्षरे ठेवून बाकीची काढतात. इंग्रजीत हे सोपे आहे. देवनागरीत अक्षरांची यादी पुरेशी नसते. कोणती अक्षरे जोडली की कोणती आकृती घ्यायची याचे नियमही फाँटमध्ये असतात. ते नियम कापले गेले तर क्ष, ज्ञ, त्र फुटून हलन्त दिसू लागतात. त्यातून यादी हिंदीवरून उचललेली असेल तर मराठीला नेहमी लागणारी अक्षरे गळतात. ‘तळेऱ्याला’ हा एकच शब्द घेतला तरी परीक्षा होते. त्यातला ळ हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत नाही. त्यातल्या ऱ्या साठी युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकातला, नुक्ता म्हणजे खाली ठिपका असलेला ऱ लागतो. जुन्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरात त्याऐवजी साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असते. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला, त्यामुळे जुन्या याद्यांत तो सापडत नाही. यातले काहीही गळाले की पडद्यावर चौकोन येतो किंवा ते एक अक्षर दुसऱ्याच वळणाचे दिसते. आपल्या गावाचे नाव आपल्याच ॲपमध्ये धड न दिसणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. देवनागरीचा युनिकोडमधला मूळ विभाग १२८ जागांचाच आहे. तो पूर्ण ठेवावा, जोडणीची दोन अदृश्य चिन्हे ठेवावीत, जोडाक्षरांचे नियम ठेवावेत आणि जागा वाचवायची तर नको असलेली वजने काढावीत. त्याहून सोपा उपाय म्हणजे फोनमधलाच देवनागरी फाँट वापरणे.

काढू नये अशी आणखी एक फाइल असते, परवान्याची. नोटो किंवा मुक्त यांसारखे फाँट मोफत मिळतात ते ओपन फाँट लायसन्सखाली. फाँट पुढे वाटताना परवान्याची प्रत सोबत असावी अशी त्याची अट आहे. जावास्क्रिप्टच्या पुष्कळ मोफत साधनांवरचा एमआयटी परवानाही हेच मागतो. दोन-चार किलोबाइटसाठी ही फाइल उडवणे म्हणजे ज्यांच्या कष्टावर ॲप उभे आहे त्यांचे नाव पुसणे.

छाटणी करावी कशी, याच्या दोन रीती आहेत. नको त्या फायलींची यादी करून त्या वगळायच्या, किंवा हव्या त्यांची यादी करून तेवढ्याच घ्यायच्या. पहिली रीत सोपी वाटते पण तीच दगा देते, कारण उद्या फोल्डरात आलेली नवी अडगळ त्या यादीत नसते आणि निमूटपणे पॅकेजमध्ये शिरते. दुसऱ्या रीतीत एखादी फाइल यादीत घ्यायची राहिली तर ॲप लगेच अडते आणि चूक घरातच कळते. म्हणून दुसरीच धरावी. एक वेगळे रिकामे फोल्डर करून, बांधणीच्या आज्ञेने लागतील त्या फायली त्यात उतरवाव्यात आणि फक्त तेच झिप करावे. एक सावधगिरी हवी. काही फायलींची नावे प्रोग्रॅम चालता चालता तयार होतात, जसे प्रत्येक मार्गाचे वेगळे वेळापत्रक. प्रोग्रॅममध्ये शोधून ती नावे सापडत नाहीत, आणि ‘कुठेच वापरलेली नाही’ म्हणून फाइल काढली जाते. विजयदुर्गचा मार्ग चालतो, कोल्हापूरचा रिकामा येतो, आणि ते कळते तिथे गेलेल्या प्रवाशाला.

तपासणी आपल्या संगणकावर करून भागत नाही. तिथे सगळ्या मूळ फायली आणि फाँट आधीच असतात. नव्या फोनवर पॅकेज बसवावे, इंटरनेट बंद करावे, प्रत्येक पान, प्रत्येक मार्ग आणि प्रत्येक भाषा उघडून पाहावी. झिपमधल्या फायलींची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. अनोळखी नाव दिसले तर ते का आहे हे विचारावे.

सही सर्वांत शेवटी करावी. विजेटच्या डिजिटल सहीत प्रत्येक फायलीचा गणिती ठसा नोंदलेला असतो. सहीनंतर एक अक्षर बदलले किंवा एक फाइल काढली तरी तो जुळत नाही आणि सही रद्द होते; मग फायली दुरुस्त करून, आवृत्तीचा आकडा वाढवून, पॅकेज पुन्हा बांधून त्यावर नव्याने सही करावी लागते.