गाळ खाडीतच का बसतो?

पावसाळ्यात दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला जाताना पाण्याकडे बघा. पाणी तांबडं, गढूळ दिसतं. वाशिष्ठी नदी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून येते आणि दाभोळजवळ समुद्राला मिळते. वाटेत ती डोंगराची आणि शेतांची माती वाहून आणते.

जाड वाळू लवकर तळाला बसते. बारीक माती बसत नाही. ती किती बारीक असते? एका मिलिमीटरचे १००० भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा मातीचा कण घ्या. अगदी स्थिर पाण्यात असा कण दिवसभरात जेमतेम चार बोटं खाली जातो. वाहत्या पाण्यात तर तो तरंगतच राहतो.

मग हे कण एकमेकांना चिकटून जड का होत नाहीत? प्रत्येक कणावर थोडी वीज असते. सगळ्यांवर एकाच जातीची. एका जातीची वीज एकमेकींना दूर लोटते. म्हणून कण जवळ येत नाहीत.

खाडीत त्यांना भरतीचं खारं पाणी भेटतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षारांमुळे कणांचा दूर लोटण्याचा जोर कमी होतो. मग कण जवळ येतात आणि चिकटतात. त्यांना कोणी बांधत नाही. आपोआप त्यांचे पुंजके होतात. पुंजका जड झाला की तळाला बसतो. तोच हा गाळ.

या गाळावर कांदळवन वाढतं. मासळीच्या पिल्लांना तिथं आसरा मिळतो. पण गाळ फार झाला तर खाडी उथळ होते, होड्यांची वाट अडते. म्हणून डोंगरावरची झाडं राखावीत. झाडांची मुळं माती धरून ठेवतात.

घरी करून बघा. गढूळ पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात दोन चमचे मीठ विरघळवा. दोन्ही पेले न हलवता ठेवा. मिठाचं पाणी आधी निवळेल.

पिण्याच्या पाण्यात आपण तुरटी फिरवतो. तीही कणांना असंच एकत्र आणते. पाणी नितळ होतं. पण नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तुरटीने ते सगळे जात नाहीत. म्हणून निवळलेलं पाणी गाळून घ्या, खळखळून उकळा आणि मगच प्या.