साल्ता : दिलेला शब्द पाळणारे नगर

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अर्जेंटिना देशाच्या वायव्य कोपऱ्यात, अँडीज पर्वताच्या कुशीत, लेर्मा नावाचे एक खोरे आहे. त्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर, साल्ता ही त्याच नावाच्या प्रांताची राजधानी वसलेली आहे. सप्टेंबर महिन्यात तेथे जाण्याचा योग आम्हांस आला. आपल्याकडे त्या दिवसांत पावसाळा सरत असतो. तेथे वसंत ऋतू सुरू होतो. रस्त्यांच्या कडेची लापाचो झाडे गुलाबी फुलांनी लवलेली होती, आणि चहूकडून डोंगर नगराकडे वाकून पाहत असल्यासारखे भासत होते.

एर्नांदो दे लेर्मा या स्पॅनिश अधिकाऱ्याने १६ एप्रिल १५८२ रोजी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, या नगराची स्थापना केली. मध्यभागी चौक, चौकाच्या एका अंगास मुख्य मंदिर, समोर जुनी नगरसभा, आणि भोवती कमानींचे पडवीवजा रस्ते, अशी त्याची रचना आहे. थोडे पुढे गेले की संत फ्रान्सिसच्या मंदिराचा उंच मनोरा दृष्टीस पडतो. कार्मेल भगिनींच्या सान बेर्नार्दो मठाचा १७६२ सालचा कोरीव लाकडी दरवाजा पाहून तर आमची पावले तेथेच थबकली. परंतु वाचकहो, साल्ताचे खरे दर्शन इमारतींत नाही.

ही हकीकत एका विस्मृतीची आहे. १५९२ साली एका महागुरूंनी स्पेनहून साल्तासाठी क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती पाठविली. ती पेटी पेरू देशातील काल्याव बंदरात पाण्यावर तरंगत आली, असे परंपरा सांगते. मूर्ती साल्तास पोहोचली. पण पुढे तिची आठवण कोणास राहिली नाही. तब्बल शंभर वर्षे ती मंदिराच्या एका खोलीत पडून होती.

मग १३ सप्टेंबर १६९२ उजाडला. धरणीकंपाने एस्तेको हे जवळचे नगर जमीनदोस्त झाले व साल्ताही हादरले. मंदिरातील निष्कलंक मरियेची मूर्ती उंचावरून खाली पडली, तरी तिचा चेहरा व हात अभंग राहिले. धक्के थांबेनात. तेव्हा होसे कारियोन या येशूसंघीय धर्मगुरूंना अंतरी असा आवाज ऐकू आला, की ती विसरलेली ख्रिस्तमूर्ती बाहेर काढून मिरवणूक निघेपर्यंत कंप थांबणार नाही. लोकांनी मूर्ती खांद्यांवर घेतली, आणि धक्के शमले. त्या संकटात साल्ताच्या लोकांनी ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहण्याचा करार केला. आजही दर वर्षी १५ सप्टेंबरच्या मिरवणुकीत सारे नगर एकमुखाने त्या कराराचे नूतनीकरण करते.

नोव्हेनाचे दिवस संपत आले, तसे यात्रेकरू येऊ लागले. डोंगरांतील दूरदूरच्या खेड्यांतून ते पायी येतात. कित्येकांना अनेक दिवस चालावे लागते. वाऱ्याने ओठ फुटलेले, पायांना फोड आलेले, गावाची मूर्ती व निशाण पुढे धरलेले असे ते थवे चौकात शिरत, तेव्हा नगरवासी दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवीत. पाठीशी तान्हे बांधलेल्या एका मातेस आमच्या यजमानांनी आमच्या वतीने विचारले, "बाई, एवढे कष्ट कशासाठी?" ती म्हणाली, "माझी आई येत असे. आता ती चालू शकत नाही, म्हणून मी आले." बेळगाव, खानापुराकडून जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी पायी जाणारे आपले भाविक आम्हांस त्या क्षणी आठवले.

याच नगराबाहेर २० फेब्रुवारी १८१३ रोजी स्वातंत्र्ययुद्धातील एक मोठी लढाई झाली. सेनापती बेल्ग्रानो विजयी झाले. त्यांनी दोन्ही बाजूंच्या मृतांना एकाच कबरीत पुरविले आणि वर जिंकलेल्या व हरलेल्या दोघांच्याही नावे एकच क्रूस उभारला. शत्रूचे सैनिकही कोणाचे तरी पुत्र होते, हे त्यांनी ओळखले.

चौकातील एका संग्रहालयात मात्र आमचे मन दोन्हीकडे ओढले गेले. यूयायियाको पर्वतावर ६,७३९ मीटर उंचीवर १९९९ साली इंका काळातील तीन बालकांची शरीरे सापडली. पाचशे वर्षांपूर्वी त्यांना तेथे बळी देण्यात आले होते. थंडीने शरीरे जशीच्या तशी राहिली. एक मुलगी तर नुकतीच झोपी गेल्यासारखी दिसते. त्यांच्यामुळे ज्ञानात मोठी भर पडली, हे खरे. परंतु त्या लेकरांना असे दाखविणे तेथील काही आदिवासी समाजांना मान्य नाही, आणि काचेपुढे उभे राहिल्यावर त्यांचे म्हणणे आम्हांस परके वाटले नाही. आम्ही टोपी काढली, क्षणभर प्रार्थना केली व बाहेर आलो.

१५ तारखेस मिरवणूक निघाली. दोन्ही मूर्ती फुलांनी सजल्या होत्या. जनसमुदायाचा अंत दिसत नव्हता. निरोपाच्या वेळी हजारो पांढरे रुमाल हवेत हलू लागले. ती माता आम्हांस पुन्हा दिसली. तिने बाळाच्या चिमुकल्या मुठीत रुमाल दिला होता व त्याचा हात धरून ती तो हलवीत होती.

शंभर वर्षे विसरलेले नगर गेली तीनशेहून अधिक वर्षे विसरलेले नाही, ते अशाच मातांमुळे. आपल्या घरी संध्याकाळच्या जपमाळेस मुलांचा हात कोण धरतो, हा प्रश्न सोबत घेऊन आम्ही साल्ताचा निरोप घेतला.