डिक्शनरीतून गड वगळताना

जून 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि 12 स्वतःकडे ठेवले. दिलेल्यांत तिकोणा पेठेच्या डोक्यावरचा तिकोणा होता, शेजारचे लोहगड आणि तुंगही होते. अटीत बसणाऱ्या नोंदी पायथॉनच्या डिक्शनरीतून काढायच्या, तर सरावाला हा तह उत्तम. समजा, ‘किल्ले’ या डिक्शनरीत राजगड, तोरणा, तिकोणा, लोहगड, तुंग अशा क्रमाने की आहेत. पहिल्या दोन्हींची व्हॅल्यू ‘ठेवला’, बाकीच्यांची ‘दिला’. ‘दिला’वाले काढायचे आहेत.

गैरसमज: फॉर लूप फिरवायचा, ‘दिला’ दिसलं की डेल.

वस्तुस्थिती: तिकोणा उडतो. लूप पुढची की मागतो, तेव्हा डिक्शनरीचा आकार बदललेला दिसतो आणि पायथॉन 3 रनटाइम एरर देतो. एरर आली म्हणून डिक्शनरी जशीच्या तशी राहिली, असं मात्र समजू नका. तिकोणा गेलेला असतो, लोहगड आणि तुंग जागेवर. त्याच डिक्शनरीवर लूप पुन्हा चालवा. लोहगड जाईल आणि पुन्हा तीच एरर! पायथॉन 2 मध्ये ‘कीज’ ही मेथड स्वतंत्र लिस्टच द्यायची, त्यामुळे तिच्यावर फिरणारा कोड बिनबोभाट चालायचा. जुन्या पुस्तकातून उतरवलेला कोड आज इथेच आपटतो. उपाय छोटा आहे: लूप थेट ‘किल्ले’वर न फिरवता लिस्ट(किल्ले) वर फिरवायचा. सगळ्या कींची यादी आधीच हाताशी असते, मग खुशाल डेल करा.

गैरसमज: डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शन मूळ डिक्शनरीच गाळून देते.

वस्तुस्थिती: ते नवी डिक्शनरी बनवतं. ती पुन्हा ‘किल्ले’ याच नावाला दिली, तरी जुनी डिक्शनरी दुसऱ्या एखाद्या नावाने धरलेली असेल, तर तिथे पाचही गड शाबूत राहतात. तशी भानगड नसेल तर मी कॉम्प्रिहेन्शनच लिहीन. एका ओळीत अट वाचता येते.

गैरसमज: व्हॅल्यूच्या जागी नन ठेवलं की नोंद गेली.

वस्तुस्थिती: की तशीच राहते, लेन पाचच सांगतं.

गैरसमज: मधली नोंद काढली की क्रम विस्कटतो.

वस्तुस्थिती: नोंदी टाकल्या त्या क्रमाने राहतील, ही पायथॉन 3.7 पासून भाषेचीच हमी आहे. काढल्याने उरलेल्यांचा क्रम हलत नाही. लोहगड 1670 मध्ये स्वराज्यात परत आला. तो पुन्हा नोंदवलात तर मात्र जुनी जागा मिळणार नाही, तो शेवटी जाईल.