झीरोचा वेग नेमका किती?

दुसऱ्या महायुद्धावर बेतलेल्या संगणकीय युद्धनीतीच्या खेळात खेळाडूला नकाशा, जहाजे आणि विमाने दिसत असली, तरी लढाईचा निकाल ठरतो तो पडद्याआडच्या तक्त्यांवरून. प्रत्येक विमानाचा वेग, पल्ला, शस्त्रे आणि टिकाऊपणा, तसेच प्रत्येक टॉर्पेडोचा, म्हणजे पाण्याखालून जहाजावर धावून जाणाऱ्या अस्त्राचा, पल्ला आणि स्फोटकाचे वजन या तक्त्यांत आकड्यांनी नोंदलेले असते. पॅसिफिक महासागरातील युद्ध उभे करणाऱ्या ‘वॉर इन द पॅसिफिक’ या खेळाची ‘ॲडमिरल्स एडिशन’ ही आवृत्ती २००९ मध्ये आली, तेव्हा तिच्यासोबत हे तक्ते बदलण्याची सोयही मिळाली आणि जुने अहवाल धुंडाळून त्यांतील चुका दुरुस्त करणे हा अभ्यासू खेळाडूंचा स्वतंत्र उद्योगच होऊन बसला.

चुकीचा आकडा खोडून बरोबर आकडा लिहिणे एवढेच हे काम असेल, असे वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात बहुतेक आकडे कोणत्या ना कोणत्या अटीवरच खरे असतात आणि तक्त्यात आकडा उतरतो, अट मात्र गळून पडते. जपानी नौदलाच्या झीरो या लढाऊ विमानाच्या ‘मॉडेल २१’ या प्रकाराचा कमाल वेग ताशी ५३३ किलोमीटर असा दिला जातो, पण तो सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरचा असून त्याहून खाली किंवा बरेच वर गेल्यास विमान तितके वेगाने उडू शकत नसे. अंतराच्या एककांचाही असाच घोळ होतो: सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असल्याने, एकाच्या जागी दुसरा धरला गेला की विमानाचा पल्ला सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो.

पल्ल्यातील चुकीने मोहिमेचे चित्रच पालटू शकते. ऑगस्ट १९४२ मध्ये राबाउल येथील तळावरून ग्वादलकनालपर्यंतचे सुमारे १,०४० किलोमीटर अंतर जाऊन, तेथे लढून परत येणे मॉडेल २१ ला जमत होते. त्यानंतर आलेल्या मॉडेल ३२ मध्ये नवे, अधिक शक्तिशाली इंजिन बसवताना इंधनाची टाकी लहान करावी लागल्यामुळे ते या फेरीसाठी निरुपयोगी ठरले. दोन्ही प्रकारांना ‘झीरो’ या एकाच नावाखाली एकच पल्ला देणाऱ्या तक्त्यात जपानच्या सेनापतींना तेव्हा भेडसावणारी ही अडचण शिल्लकच राहत नाही.

अमेरिकन वाइल्डकॅट विमानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या एफ४एफ-३ या प्रकारात चार मशीनगन होत्या आणि प्रत्येकीला ४५० काडतुसे मिळत. एफ४एफ-४ मध्ये गन सहा झाल्या, पण प्रत्येकीच्या वाट्याला २४० काडतुसेच आली. म्हणजे एकूण काडतुसे १,८०० वरून १,४४० वर उतरली आणि सलग गोळीबाराचा अवधी सुमारे ३४ सेकंदांवरून १८ सेकंदांवर आला. शिवाय मिटणाऱ्या पंखांमुळे वजन वाढून विमान उंची गाठण्यात मंदावले. चार गनपेक्षा सहा गन बऱ्या, एवढेच जाणणारा तक्ता नव्या विमानाला दीडपट प्रबळ ठरवतो, तर ते उडवणाऱ्या अनुभवी वैमानिकांची मात्र या बदलाबद्दल तक्रार होती. अशा ठिकाणी काडतुसांचा रकाना भरणे ही किरकोळ दुरुस्ती नव्हे. वैमानिकांच्या साक्षीला मिळालेला तो न्याय आहे.

काही अस्त्रांच्या बाबतीत तर कागदावरचा आकडा निर्दोष असूनही फसवा असतो. अमेरिकन पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो ४६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८५ किलोमीटर वेगाने जात असे, हे खरेच. पण जून १९४२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील अल्बनीजवळ मासेमारीचे जाळे पाण्यात सोडून त्याची चाचणी घेतली, तेव्हा तो ठरवलेल्या खोलीपेक्षा तीनेक मीटर खालून जातो हे उघड झाले. पुढे त्याची चुंबकीय स्फोटयंत्रणा बेभरवशाची निघाली आणि ती बंद केल्यावर जहाजाला आदळून स्फोट घडवणारी पिनच सदोष असल्याचे कळले. जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर काटकोनात एकामागून एक टॉर्पेडो सोडले आणि ते आदळूनही फुटले नाहीत, कारण सरळ आघाताने ती पिन निकामी होई, तर तिरक्या आघातात ती काम करण्याची शक्यता अधिक असे. निकामी टॉर्पेडोंचे प्रमाण तारखेनुसार घटत नेणारा तक्ता म्हणूनच एका ठरावीक टक्केवारीपेक्षा इतिहासाला जवळचा ठरतो. मात्र नेम जितका चोख तितके अपयश जवळ, हे तोही दाखवू शकत नाही.

आणखी एक अडचण आकड्यांच्या दुरुस्तीने सुटणारी नाही. जपानच्या टाइप ९३ टॉर्पेडोत संकुचित हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरल्यामुळे तो सर्वाधिक वेगातही सुमारे २० किलोमीटर जाई, आणि खेळाच्या तक्त्यात हा पल्ला अचूक असणे योग्यच आहे. पण त्यामुळे अमेरिकन बाजूने खेळणाऱ्याला पहिल्या दिवसापासून जी गोष्ट ठाऊक असते, ती ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तासाफारोंगाच्या लढाईत रिअर ॲडमिरल कार्लटन राइट यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या चार क्रूझर युद्धनौकांना टॉर्पेडो लागले, त्यांपैकी नॉर्थॅम्प्टन बुडाली, आणि शत्रूच्या विनाशिका एवढ्या अंतरावरून मारा करू शकतील हे त्यांना लढाईनंतरही संभवनीय वाटले नाही.