सिंथ घेताय? आधी हे गैरसमज काढून टाका

शेलूबाजारला इलेक्ट्रॉनिक वाद्यं नवी नाहीत. चौदा एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो, नवरात्र असो की लग्नाची वरात, आपल्या वाशीम जिल्ह्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड कधीचे रुळले आहेत. नवं आहे ते वाजवणाऱ्या पोराचं मन. त्याला आता दुसऱ्याच्या गाण्याला साथ करण्यापेक्षा स्वतःची चाल, स्वतःचा ठेका घरच्या खोलीत तयार करायचा आहे. पण सामान हाताळून बघायचं तर अकोला, अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागतं. मग खरेदी होते ऐकीव माहितीवर, आणि त्यातूनच पुढचे गैरसमज पसरतात.

गैरसमज : लाखाचा वर्कस्टेशन कीबोर्ड असल्याशिवाय दर्जेदार काम होत नाही.

यावर इतिहासानंच उत्तर दिलं आहे. रोलंड कंपनीनं 1981 मध्ये टीबी-303 नावाची छोटी पेटी काढली. एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. पण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारच्या जवळपासही जात नव्हता. तीनेक वर्षांत उत्पादन बंद झालं आणि उरलेल्या पेट्या सेकंडहँड बाजारात पडेल भावानं गेल्या. खिशात फारसे पैसे नसलेल्या शिकागोच्या तरुणांनी त्या उचलल्या, त्यांची बटणं वेडीवाकडी फिरवली, आणि 1987 मध्ये फ्यूचर या गटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स'नं नृत्यसंगीताची एक नवी शाखाच उभी केली.

आपल्यासाठी याहून मोलाची गोष्ट त्याआधी पाच वर्षं मुंबईत घडली होती. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये हीच टीबी-303, टीआर-808 हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-8 हा सिंथ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही त्यांची तबकडी तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार चकित झाले. टीबी-303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. रागातल्या मींडेला ती सोयीची ठरते. कीबोर्डवर आपला राग वाजतच नाही असं म्हणणाऱ्यांनी ही तबकडी जरूर ऐकावी. बऱ्याच साध्या कीबोर्डनाही डाव्या हाताशी पिच बेंडचं चाक असतं. ते फिरवायचा रियाज मात्र पेटीवरच्या अलंकारांइतकाच नेमानं करावा लागतो.

गैरसमज : मिडी कीबोर्ड म्हणजे स्वस्तातला सिंथ.

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. मिडी कीबोर्ड हा नुसता कंट्रोलर; त्याला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी किती जोरात दाबली, एवढाच निरोप तो लॅपटॉपला देतो. आवाज काढणारं सॉफ्टवेअर वेगळं. घरी आणून स्पीकरला जोडला तर तो मुकाच राहणार.

पण याच गोष्टीत एक मोठी सोयही दडली आहे. मिडीची ही भाषा 1983 पासून सगळ्या कंपन्यांत सामाईक आहे. म्हणून ऑर्केस्ट्रात वापरून जुना झालेला, आवाज शिळा वाटणारा कीबोर्डही कंट्रोलर म्हणून उत्तम चालतो. मागच्या बाजूला चौकोनी यूएसबी खाच असेल, तर प्रिंटरला लागते तीच केबल पुरते. जुन्या मॉडेलला पाच पिनांची गोल खाच असते; त्यासाठी मिडी-यूएसबी केबल मिळते. सर्ज एक्सटी हा भरपूर ताकदीचा सिंथ फुकट आहे. 1983 चा गाजलेला यामाहा डीएक्स-7 लॅपटॉपवर जिवंत करणारा डेक्स्डही फुकट आहे. हार्डवेअरची बटणं फिरवण्यात मजा आहे, ती मीही नाकारत नाही. पण तयार गाणं ऐकणाऱ्याला आवाज पेटीतून आला की लॅपटॉपमधून, हे सहसा ओळखू येत नाही.

गैरसमज : भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले की स्टुडिओ तयार.

ट्रे म्हणजे कागदाचा पातळ लगदा. वरच्या पट्टीतली थोडी खणखण तो कमी करतो, इतकंच. बाहेर जाणारा आवाज तो अडवत नाही आणि बेसला तर स्पर्शही करत नाही. वर आग लागण्याची भीती.

खरी अडचण बेसचीच आहे. दहा बाय दहा फुटांची सिमेंटची खोली घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झचा सूर अडकतो आणि तिथल्या तिथे घुमतो. भिंतीला टेकलात तर तो दुप्पट फुगलेला ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास गायब होतो. खोली अशी चौरस असली, की लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुराला बळ देतात. मधोमध बसून काम करणाऱ्याला बेस कमी वाटतो, तो वाढवत जातो, आणि तेच गाणं कार्यक्रमाच्या मोठ्या डब्यांवर लावलं की नुसतं धडधडतं. दोष सिंथला दिला जातो.

उपाय आपल्याच कापसाच्या मुलखात आहे. जुन्या जाड गाद्या गुंडाळून खोलीच्या कोपऱ्यांत उभ्या करा, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गोधड्या टांगा, आणि बसायची जागा मधोमध न ठेवता थोडी पुढे सरकवा. कापूस पेट घेतो, म्हणून स्विचबोर्ड आणि दिव्यापासून तो लांब हवा. एवढं करूनही अगदी खालचा बेस पुरता आवरत नाही. त्याचा निवाडा हेडफोनवर करावा.

गैरसमज : कंडेन्सर माइक म्हणजे साफ आवाज.

कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो. त्यात पंखा, शेजारचा कुकर आणि भिंतींचा घुमाराही आला. उघड्या खोलीत तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक बऱ्याचदा सरस ठरतो. 192 किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटचा आग्रहही सोडा. सेकंदाला 44,100 नमुने घेतले की 22,050 हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो, आणि माणसाचा कान फार तर 20,000 पर्यंत ऐकतो. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवा, त्याचा खरोखर उपयोग होतो.

गैरसमज : घरघर येते म्हणजे ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) खराब.

ती बऱ्याचदा 50 हर्ट्झच्या विजेची घरघर असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर आधी घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ॲडॉप्टरबाबत तर हयगय नकोच. यामाहाच्या नेहमीच्या कीबोर्डचा ॲडॉप्टर 12 व्होल्टचा असतो आणि त्याची मधली पिन धन असते; कॅसिओ आणि रोलंडच्या अनेक मॉडेलांत मधली पिन ऋण असते. पिन बसली म्हणून लावला आणि कीबोर्ड गेला, असं सर्रास होतं. कीबोर्डच्या मागे छापलेली खूण वाचूनच ॲडॉप्टर लावा.

माझं मत विचाराल तर खरेदीचा क्रम असा ठेवा : आधी अर्थिंग, मग चांगला हेडफोन, नंतर साधा ऑडिओ इंटरफेस, आणि शेवटी कीबोर्ड. सेकंडहँड घेणार असाल तर गावातल्या ऑर्केस्ट्रावाल्या दादाला सोबत न्या. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा, आवाजाचं बटण फिरवताना खरखरतंय का ते ऐका, पिच बेंडचं चाक सोडल्यावर सूर जागेवर येतो का ते तपासा, आणि मगच पैसे मोजा.