माल लवकर गार करा, गोळी मात्र फोडू नका



झेंडूच्या, शेवंतीच्या गोण्या घेऊन आपल्यापैकी कितीतरी जण पहाटे दादरला उतरतात. फुलबाजारात माल लावला, पैसे हातात पडले की काही मंडळी तशीच पुढे परळला जातात. कुणाचा भाऊ केईएममध्ये दाखल असतो, कुणाची आई टाटा रुग्णालयात. जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटलही परळलाच आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालयही तिथेच. दादरला माल विकायचा आणि परळला औषध घ्यायचं, अशी ही आपली मुंबईची वाट.

या वाटेवर आपलं नुकसान दोन कारणांनी होतं. दादरला माल पडतो तो बहुधा उष्णतेमुळे. परळहून आणलेलं औषध वाया जातं ते उष्णतेमुळे, नाहीतर घेण्याच्या चुकीमुळे. या दोन्हींवर मोठमोठे शोध लागलेले आहेत. ते शोध कसे काम करतात हे एकदा समजून घेतलं, तर घरी काय करायचं आणि काय टाळायचं हे कुणी वेगळं सांगायला नको.

गारवा भरायचा नसतो, उष्णता काढायची असते

तोडलेलं फूल, भाजी, फळ लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, आणि श्वासाबरोबर त्यातून उष्णता बाहेर पडते. दुपारी भरलेल्या झेंडूच्या गोणीत हात कोपरापर्यंत घालून बघा. बाहेरच्या हवेपेक्षा आत जास्त ऊब लागते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुपटी-तिपटीने वाढतो आणि माल तितक्याच वेगाने उतरतो. म्हणून शेतातली ऊन-ऊब मालातून जितक्या लवकर काढाल, तितका माल टिकेल.

पूर्वी यासाठी फक्त बर्फ होता, आणि तोही परदेशचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यातला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आणला, तो चार महिन्यांचा प्रवास करून. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. बर्फात एवढं काय आहे? १ किलो बर्फ वितळताना इतकी उष्णता ओढून घेतो, की तेवढ्यात ४० अंशांचं २ लिटर पाणी शून्य अंशावर येईल.

१८७०च्या दशकात जर्मनीत कार्ल लिंडे यांनी अमोनिया वायूवर चालणारं यंत्र तयार केलं आणि बर्फ कारखान्यात होऊ लागला. अमोनिया उणे ३३ अंशांनाच उकळतो, आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढतो. मग त्याला दाबून, बाहेर थंड करून पुन्हा पातळ करायचं आणि पुन्हा उकळवायचं. मोठ्या शीतगृहांत आजही हेच रहाटगाडगं चालतं.

त्यानंतरची अक्कल म्हणजे वेग. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी बर्फाळ मुलखात पाहिलं, की कडाक्याच्या वाऱ्यात झटकन गोठलेली मासळी वितळल्यावरही ताजी लागते. सावकाश गोठलं तर मालात बर्फाचे मोठे खडे होतात आणि ते पेशी फाडतात. झटकन गोठलं तर खडे बारीक राहतात, पेशी शाबूत राहतात. १९२०च्या दशकात त्यांनी यावर यंत्रं केली. आज पाकिटात मिळणारा हिरवा वाटाणा याच रीतीचा.

न गोठवता नुसतं गार करतानाही वेग लागतोच. खोक्यांची थप्पी शीतगृहात नुसती ठेवली तर मधली खोकी फार उशिरा गार होतात. म्हणून पंख्याने थंड हवा खोक्यांच्या भोकांतून ओढून घेतात. यालाच प्रीकूलिंग म्हणतात. १९९१ साली महाग्रेप्स संस्था स्थापन झाल्यानंतर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागाइतदारांना हा शब्द घरचा झाला.

आपल्याकडे यंत्र नसलं तरी पाणी आहे. १ लिटर पाणी वाफ होऊन उडताना १ किलो बर्फाच्या सुमारे सातपट उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष काढला. दोन विटांच्या भिंती, मध्ये तीन बोटं वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वरून ओलं तरटाचं झाकण. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात भाजीला तो फार उपयोगी पडतो. कोकणात किंवा पावसाळ्यात हवेतच ओल असते, पाणी उडत नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका.

दुधाचंही तेच. धार काढली तेव्हा दूध ३८ अंशांच्या आसपास असतं. या उबेत जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. संकलन केंद्रावरचा बल्क कूलर दूध ४ अंशांवर आणतो, पण आधी झालेली जंतूंची वाढ तो मागे नेत नाही. तेव्हा कॅन लवकर पोचवा, तोवर पाण्याच्या टाकीत उभा ठेवा, आणि गार दुधात ताजं ऊन दूध ओतू नका.

परळच्या हाफकीनचं काम

आता परळला चला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकीन या शास्त्रज्ञांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. १९२५ साली तिला हाफकीन संस्था हे नाव मिळालं, आणि १९७५ साली लसी व औषधं बनवण्यासाठी वेगळं महामंडळ झालं.

पण शेतकऱ्याला हाफकीन हे नाव माहीत आहे ते सापाच्या औषधामुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो. त्या रक्तातून तो वेगळा काढून शुद्ध करतात. हेच प्रतिविष, म्हणजे सर्पदंशाची लस असं आपण म्हणतो ते.

अडचण अशी, की पातळ प्रतिविष २ ते ८ अंशांत जपावं लागतं. साप चावतो तो शेतात, पावसाळ्यात, रात्री. आणि नेमकी तेव्हाच गावची वीज जाते. यावर उपाय निघाला तो गारव्यातूनच. औषध आधी गोठवायचं, मग बंद पात्रातली हवा ओढून घ्यायची. अशा पोकळीत बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन निघून जातो. देवापुढच्या तबकातला कापूर जसा पाणी न होता हवेत विरतो, तसाच. मागे राहते ती कोरडी पावडर. उष्णता न लावता वाळवल्यामुळे औषधाचा गुण टिकतो, आणि पाणीच नसल्याने ते लवकर बिघडत नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमींसाठी रक्तद्रव असाच वाळवून नेत. देवीची लसही पुढे अशीच वाळवली, म्हणून ती रखरखीत उन्हात खेडोपाडी पोचू शकली. १९७५ सालच्या मे महिन्यात आपल्या देशात देवीच्या साथीतला शेवटचा रोगी सापडला.

प्रतिविषाची अशी पावडर सावलीच्या थंड जागी, फ्रिजवाचूनही काही वर्षं टिकते. त्यामुळे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते. डॉक्टर ती निर्जंतुक पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. एक बाटली पुरत नाही. विष भिनल्याची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा देतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. एवढ्या बाटल्या पाहून घाबरू नका. कुणाला या औषधाची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं. घरी आणून ठेवायचं नाही.

इतका खटाटोप करून औषध तालुक्याला पोचतं, आणि रोगी मात्र मांत्रिकाच्या ओट्यावर पडून राहतो. तिथे गेलेला तास परत आणणारं यंत्र अजून निघालेलं नाही. दंशावर चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. अंगठी, वाळे, पैंजण काढा. हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, आणि मिळेल त्या गाडीने निघा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. अशा वेळी वाट पाहू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.

सावकाश सुटणारी गोळी

आता दुसरा शोध. भाताला सगळा युरिया एकदम फेकला तर काय होतं? थोडा पिकाला, बाकीचा पाण्याबरोबर नाहीतर हवेत. तोच युरिया ब्रिकेट करून चिखलात खोचला की हळूहळू सुटतो आणि पिकाच्या तोंडी लागतो. २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेल चोळूनच देण्याचा नियम झाला, तो याच हिशेबाने.

औषधाचंही तसंच आहे. साधी गोळी पोटात विरघळली की रक्तात औषध एकदम चढतं आणि काही तासांत उतरतं. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागते. १९५२ साली अमेरिकेत एका औषध कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ नावाची कॅप्सूल काढली. तिच्यात शेकडो बारीक दाणे, प्रत्येकावर कमी-जास्त जाडीचा थर. पातळ थराचे दाणे आधी सुटतात, जाड थराचे मागाहून. एका कॅप्सूलमध्ये दिवसभराची सोय.

आता याचे अनेक प्रकार आहेत. काही गोळ्या पाण्यात सब्जासारख्या फुगतात आणि त्या बुळबुळीत गोळ्यातून औषध झिरपत राहतं. काही गोळ्यांना टणक कवच असतं आणि त्याला सुईच्या टोकाहून लहान भोक. आत पाणी शिरतं आणि औषध भोकातून थोडं थोडं बाहेर ढकललं जातं. अशा गोळीचं रिकामं कवच शौचातून पडतं. ते पाहून ‘गोळी पचलीच नाही’ असं समजू नका. औषध केव्हाच अंगात गेलेलं असतं.

इंजेक्शनांतही हे तत्त्व आहे. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी इन्सुलिनला प्रोटामाइन नावाच्या पदार्थाची जोड दिली, आणि ते कातडीखालून सावकाश सुटू लागलं. सांधेताप होऊन गेलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, तेही असंच स्नायूत साठून हळूहळू सुटतं. ते चुकवलं तर ताप उलटतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. पोरगं हुंदडतंय, बरं दिसतंय, म्हणून पेरणीच्या गडबडीत एक खेप टाळली, असं करू नका.

आता धोक्याची गोष्ट. म्हातारीला गिळता येत नाही म्हणून सूनबाई गोळी खलबत्त्यात कुटते आणि मधातून देते. हेतू चांगला, पण सावकाश सुटणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एका घोटात अंगात जातं. रक्तदाबाची गोळी असेल तर दाब एकदम उतरून चक्कर येते, माणूस पडतो. साखरेच्या गोळीने पोट बिघडतं. पट्टीवर नावापुढे एस.आर., ई.आर., एक्स.आर., सी.आर. किंवा रिटार्ड असं काही छापलेलं असलं, तर ती गोळी कुटायची नाही, चावायची नाही. मधोमध रेघ असलेल्या काही गोळ्यांचे दोन तुकडे चालतात. पण तेही डॉक्टरांना विचारूनच. गिळता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पातळ औषध किंवा दुसरी गोळी लिहून मिळते.

ध्यानात ठेवा

१. फुलं, भाजी उन्हाआधी तोडा, सावलीत पसरा, ऊब गेल्यावरच भरा. गोणीपेक्षा भोकांची क्रेट बरी.

२. मुंबईहून परतताना औषधाची पिशवी एसटीच्या टपावर, इंजिनाशेजारी किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका. घरी चुलीपासून, पत्र्यापासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा.

३. इन्सुलिन बर्फाला टेकवू नका. एकदा गोठलं की ते निकामी झालं. वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टोचू नका. फ्रिज नसेल तर वापरातली बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मडक्यात ठेवा आणि ते मडकं ओल्या वाळूत ठेवा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. बंद बाटल्या मात्र फ्रिजच्या असलेल्या ठिकाणीच ठेवायला द्या.

४. लाळ्या-खुरकताची लसही २ ते ८ अंशांतच जपायची असते आणि तीही गोठू द्यायची नसते. लस टोचणारे थंड पेटी घेऊन येतील त्या दिवशी जनावरं दावणीला ठेवा. जनावर रानातून येईस्तोवर पेटी उघडीच राहिली तर लस टोचूनही काही फायदा नाही.

५. आपल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाचं औषध आहे का, नसेल तर सगळ्यात जवळ कुठे आहे, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या.

कारखान्यातून निघालेलं औषध आरोग्य केंद्रापर्यंत किंवा दुकानापर्यंत गारव्यात आणणं हे सरकारचं आणि दुकानदाराचं काम. तिथून पुढे आपल्या उंबऱ्यापर्यंतची वाट आपली. हे पत्रक वाचून झालं की घरात औषधं ठेवता त्या फळीजवळ चिकटवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.